क्लाउड सर्व्हर बंद, बिल मात्र चालू: इंदूरहून वापरानंतरचा अनुभव

भंवरकुआँ भागात स्पर्धा परीक्षांचे क्लास किती आहेत हे इंदूरकरांना सांगायला नको. तिथल्या एका मराठी सरांच्या क्लासची ऑनलाइन सराव परीक्षा मी चालवतो. एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची) पूर्वपरीक्षा जवळ आली की मुलं एकदम लॉगिन करतात, आणि परीक्षा उरकली की कित्येक आठवडे कोणी फिरकत नाही. अशा हंगामी कामाला क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर, सोयीचा, म्हणून एका मोठ्या परदेशी कंपनीच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांच्या गटात) मशीन घेतल्या.

कामगिरीबद्दल तक्रार नाही. ऐन हंगामात मशीन मोठी करायला काही मिनिटं पुरतात, पेपर सुरू असताना सर्व्हर कधी बसला नाही.

तक्रार आहे ती बिलाची. परीक्षा संपल्यावर सगळ्या मशीन कन्सोलमधून (कंपनीच्या नियंत्रण पानावरून) थांबवल्या, तरी पुढच्या महिन्यात कार्डावरून पैसे गेले, त्याच्या पुढच्या महिन्यातही गेले. सर म्हणाले, "अरे, टेस्ट तर एकही झाली नाही, मग हे कशाचे?"

बिल ओळ-ओळ उघडून पाहिलं. मशीनच्या तासांपुढे शून्यच होतं. त्याच्या खाली, बाण दाबून उघडल्याशिवाय न दिसणाऱ्या ओळीत, डिस्कचे जीबी-महिने, म्हणजे किती जीबी जागा किती काळ राखली त्याचा हिशेब. मशीन थांबली तरी तिची डिस्क राखून ठेवलेली असते आणि तिचं भाडं पूर्ण आकाराचं लागतं, आत डेटा कितीही असो. मग राखीव सार्वजनिक आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता), तासाच्या दराने. मग जुने स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या-त्या वेळच्या प्रती. आणि सिंगापूर रीजनमध्ये एक डिस्क, कुठल्याच मशीनला न जोडलेली! आधीच्या डेव्हलपरने तिथली चाचणीची मशीन काढून टाकली होती, पण वेगळी जोडलेली डिस्क मशीनबरोबर आपोआप जात नाही. कन्सोल एका वेळी एकाच रीजनची यादी दाखवतो, त्यामुळे मुंबई उघडून बसलेल्याला ती दिसणार कशी? या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

डिस्कचे पैसे घेणं मला गैर वाटत नाही. प्रश्नपत्रिका आणि मुलांचे निकाल तिथे सांभाळले जातात, जागेचं भाडं द्यायलाच हवं. राग येतो तो न सांगण्याचा. थांबवायचं बटण दाबलं की "नक्की थांबवायची का?" असं विचारतात. त्याच चौकटीत "यानंतरही डिस्क आणि आयपीचे महिन्याला इतके लागतील" अशी एक ओळ का नाही? आकडा तर त्यांच्याकडे असतोच.

सपोर्टवाल्यांनी नीट उत्तरं दिली. सिंगापूरच्या डिस्कचे पैसे एकवेळची सवलत म्हणून परत केले, बाकीचे नियमाप्रमाणे गेले.

नियम कंपनीगणिक बदलतात आणि ते त्यांच्या दरपत्रकात, मदतपानांत उघड लिहिलेले असतात. डिजिटलओशनचा ड्रॉपलेट (त्यांची क्लाउड मशीन) पॉवर ऑफ केला तरी पूर्ण दर चालू राहतो, तो डिस्ट्रॉयच, म्हणजे कायमचा काढूनच टाकावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमध्ये विंडोज किंवा लिनक्सच्या आतून शटडाउन केलं तर मशीनचेही पैसे लागत राहतात. पोर्टलवरून थांबवून 'डीॲलोकेटेड' (मशीनची राखीव जागा सोडली) दिसलं की मगच मीटर थांबतो. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावले, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. त्यांच्या आरडीएस या डेटाबेस सेवेत थांबवलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो, हे तर अनेकांना ठाऊकच नसतं.

आता हंगाम संपला की मी डिस्कचा स्नॅपशॉट घेतो, त्यावरून एकदा मशीन उभी करून निकाल उघडतात का ते बघतो, आणि मग मशीन, डिस्क, आयपी सगळंच काढून टाकतो. स्नॅपशॉटला भरलेल्या भागाचेच पैसे पडतात, त्यामुळे तो डिस्कपेक्षा बराच स्वस्त. बजेट अलर्ट जरूर लावा, पण तो फक्त सूचना देतो, स्वतःहून खर्च रोखत नाही. बिलातले आकडेही काही तास मागे असतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्या रीजनचा रोजचा खर्च पाहूनच मी सरांना कळवतो.

सेवा सोडलेली नाही. पाचपैकी कामगिरीला साडेचार, बिलिंगला दोन. वर्षभर चोवीस तास चालणारी छोटी वेबसाइट असेल तर ठरावीक मासिक दराचं होस्टिंग घ्या. सराव परीक्षा, प्रवेश अर्ज, निकाल असं हंगामी काम असेल तर ही सेवा आजही परवडते.