पोस्टाची आरडी: १५ हप्ते भरल्यानंतरचा अनुभव

सप्टेंबर २०२४ ला गावातल्या पोस्टात महिना ५०० ची आरडी (दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव) उघडली, आता नोव्हेंबर २०२५ चा धरून १५ हप्ते झाले. बचत गटातल्या बायका सारख्या विचारतात की कशी आहे, पैसे अडकतात का, म्हणून सविस्तर लिहिते.

जनधनचं खातं माझं २०१५ पासून आहे पण त्यात पैसा कधी टिकलाच नाही. लाडकी बहीणचे पहिले ३००० ऑगस्टमध्ये पडले, मोबाईलवर मेसेज आला, दुसऱ्या दिवशी चौकातल्या अंगठ्याच्या मशीनवर जाऊन काढले आणि आठ दिवसांत कशात गेले ते कळलंसुद्धा नाही. खुरपून खुरपून बोटं घासलेली, अंगठा उठत नाही, चार चार वेळा दाबावा लागतो, वर मशीनवाला काढायचे २० रुपये घेतो आणि पावती मागितली की रोल संपलाय म्हणतो. पण खरी अडचण ती नाही. जे पटकन निघतं ते घरात कुणी ना कुणी मागतंच, आणि खात्यात आहेत हे सगळ्यांना माहीत असताना नाही कसं म्हणणार? आरडीचं तसं नाही, "पोस्टात भरलेत" म्हटलं की विषय संपतो. माझ्यासाठी हाच तिचा सगळ्यात मोठा फायदा, व्याज नंतर.

व्याज ६.७ टक्के. ५ वर्षांत माझे ३० हजार भरून होतील आणि हातात साधारण ३५ हजार ६८० येतील. कमीत कमी १०० पासून उघडता येते. ३ वर्षांच्या आत मोडता येत नाही आणि नंतर मुदतीआधी मोडली तर साध्या बचत खात्याचंच व्याज मिळतं, त्यामुळे जेवढे नक्की झेपतील तेवढ्याचीच उघडा. मी आधी १००० ची उघडणार होते, पोस्टमास्तर म्हणाले ताई पावसाळ्यातले चार महिने डोळ्यासमोर आणा आणि मग आकडा सांगा. बरं झालं ऐकलं.

कारण आपल्याकडे पैसा महिन्याच्या महिन्याला कुठे येतो, तो येतो सोयाबीन विकलं की. आणि इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे: ६ हप्ते एकदम आगाऊ भरले तर १०० च्या हप्त्याला १० रुपये सूट मिळते, १२ भरले तर ४०. मागच्या नोव्हेंबरला सोयाबीनचे पैसे आले त्याच आठवड्यात मी ६ हप्ते भरले, ३००० च्या जागी २९५०. पोस्टमास्तरांनी पासबुकात हाताने नोंद केली, तारखेचा शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत मी तिथंच उभी होते. एप्रिलपर्यंत बिनघोर. मे पासून मशीनवरच्या शिलाईतून भरत गेले.

यंदा मात्र सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन पाण्यात गेलं, शेंगांना जागेवर कोंब आले. ऑक्टोबरचा हप्ता चुकला. माझं खातं १५ तारखेच्या आत उघडलेलं म्हणून हप्ताही १५ च्या आतच भरावा लागतो, उशीर झाला की १०० ला १ रुपया दंड, म्हणजे मला ५ रुपये बसले. नोव्हेंबरला दोन्ही मिळून १००५ भरले. चारपेक्षा जास्त हप्ते थकू देऊ नका, खातं बंद पडतं, मग चालू करून घ्यायला दोनच महिने मिळतात.

हरभऱ्याच्या बियाला पैसे हवे होते तेव्हा आरडीवर कर्ज मिळत होतं, १२ हप्ते झाले की भरलेल्याच्या निम्म्यापर्यंत देतात, व्याज आरडीपेक्षा २ टक्के जास्त. खरं तर ते स्वस्त पडलं असतं. पण मी बचत गटातून ३००० घेतले, महिना १ टक्क्याने, कारण गटाचं कर्ज फेडताना दर १० तारखेला सगळ्या जणी समोर असतात, हप्ता राहून जात नाही. सावकार शेकडा ५ महिन्याला लावतो, त्याच्या दारात जायची वेळ आली नाही यातच मला खूप मिळालं. म्हणून गट सोडून आरडी करा असं मी कुणालाच सांगणार नाही, दोन्ही ठेवा. अडीनडीला गट, आणि जे हलवायचंच नाही ते पोस्टात.

जास्त व्याजाच्या मागे लागणाऱ्यांना एकच सांगते. सासऱ्यांनी बैलजोडी विकून आलेले पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते, ते आज पण अडकलेत, म्हातारा माणूस पावती खिशात घेऊन फिरतो. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेत पण असतो, पतसंस्थेला तो नसतो, हे आम्हाला बुडाल्यावर कळलं. पोस्टाच्या पैशाला केंद्र सरकारची हमी आहे.

डिसेंबरचा हप्ता १५ च्या आत भरायचाय. लग्नसराईचे सात ब्लाउज आलेत शिवायला, त्यातले चार झालेत.