बॅरी सँडर्सची दहा वर्षे: गंगापूर रोडवरील सामना-अभ्यास वर्गाचे परीक्षण

नाशिकमध्ये गंगापूर रोडवर, जुन्या गंगापूर नाक्यापासून फार दूर नसलेल्या एका क्रीडा अभ्यासिकेत रविवारी सकाळी सामना-अभ्यासाचे वर्ग भरतात. एका खेळाडूची संपूर्ण कारकीर्द घ्यायची, तिच्यातील निवडक सामने मोठ्या पडद्यावर थांबवत थांबवत पाहायचे आणि त्यांवर मराठीतून चर्चा करायची, असे या वर्गाचे स्वरूप आहे. दोन-दोन तासांची चार सत्रे आणि शुल्क १,२०० रुपये. शाळांतील क्रीडाशिक्षकांना आणि पंचविशीच्या आतील खेळाडूंना ते निम्मे आहे. या वेळचा विषय होता अमेरिकन फुटबॉलमधील रनिंग बॅक बॅरी सँडर्स. मी पंचवटीत मुलांना कबड्डी शिकवतो, आणि या परक्या खेळाशी माझा संबंध मोबाइलवर अधूनमधून दिसणाऱ्या चित्रफितींपुरताच होता. तरीही हा वर्ग मी आग्रहाने सुचवीन. त्यातली जी एक उणीव मला खटकली, तीही सविस्तर सांगण्याइतकी महत्त्वाची आहे.

नवख्या माणसाला खेळ समजावून देण्याचे काम पहिल्या अर्ध्या तासात नेमके होते. मैदान शंभर यार्डांचे, प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, आणि चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी. या संधीला ‘डाउन’ म्हणतात. क्वार्टरबॅक चेंडू एक तर फेकतो किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हातात देतो, आणि मग समोर एकमेकांना भिडलेल्या धिप्पाड खेळाडूंच्या रांगेतून वाट काढत त्याला पळायचे असते. शिक्षकांनी नियमांची जंत्री न देता एकच डाव पाच वेळा दाखवला आणि प्रत्येक वेळी वेगळ्या खेळाडूकडे पाहायला सांगितले. चढाईपटूच्या पायांकडे पाहणाऱ्या आम्हा कबड्डीवाल्यांना ही रीत फार जवळची वाटली. सोबत मिळणारी छापील पुस्तिकाही चांगली आहे. तिच्यात संज्ञांची सोप्या मराठीतील सूची आहे, शिवाय दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक धावेसाठी मैदानाचा रिकामा आराखडा दिलेला आहे, ज्यावर आपण पेन्सिलीने वाट आखायची असते.

पहिल्या सत्राचा उरलेला भाग अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील विचिटा या शहरापासून १९८८ पर्यंतचा होता. छपरे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा उंचीने पाच फूट आठ इंचच भरला, आणि शाळेच्या संघात त्याला रनिंग बॅक म्हणून नियमित संधी मिळाली तीही शेवटच्या वर्षी. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात तो थर्मन थॉमस या गुणी खेळाडूच्या मागे राखीव होता. थॉमस व्यावसायिक खेळात गेला आणि १९८८ च्या एकाच हंगामात सँडर्सने अकरा सामन्यांत २,६२८ यार्ड धावून विद्यापीठ स्तरावरचा असा विक्रम केला की त्याची चर्चा आजही होते. त्या वर्षीचा हाइझमन करंडक, म्हणजे तिकडच्या महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, त्याला जाहीर झाला तेव्हा तो संघासोबत सामना खेळण्यासाठी टोकियोत होता. हा सगळा भाग थोडा घाईने उरकला जातो, पण त्याची गरज तेवढीच आहे. माझ्याशेजारी बसलेल्या एका पालकांनी मात्र राखीव खेळाडूच्या त्या दोन वर्षांबद्दल बरेच प्रश्न विचारले आणि शिक्षकांनी त्यांना मनापासून वेळ दिला, हे नोंदवले पाहिजे. नाशिकच्या मैदानांवर कित्येक मुले नेमकी याच टप्प्यावर, संघात असूनही सामन्यात नसताना, खेळ सोडून देतात.

दुसऱ्या सत्रात एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधला डेट्रॉइट लायन्स संघ येतो. १९८९ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) तिसऱ्या क्रमांकावर लायन्सने त्याला घेतले आणि पहिल्याच हंगामात त्याने १,४७० यार्ड काढले. शेवटच्या सामन्यात विजय निश्चित झाला होता, तो बाकावर बसलेला होता आणि लीगमध्ये सर्वाधिक धावण्याचा मान मिळवायला त्याला जेमतेम दहा-अकरा यार्ड कमी पडत होते. प्रशिक्षकांनी विचारले तरी तो पुन्हा मैदानात उतरला नाही. तो मान १,४८० यार्ड धावलेल्या कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोये या नायजेरियन खेळाडूला मिळाला. टचडाउन झाल्यावर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवल्यावर, चेंडू जमिनीवर आपटून नाचण्याची तिथे पद्धत असताना सँडर्स तो चेंडू शांतपणे पंचांच्या हातात द्यायचा. या दोन गोष्टी सांगून शिक्षक थांबले आणि त्यांनी त्यावर कोणतेही प्रवचन दिले नाही, हे मला विशेष आवडले. मुलांनी जे घ्यायचे ते घेतले.

त्यानंतरचा तास मात्र या सगळ्या वर्गाचा गाभा म्हणावा असा होता, आणि शुल्काची किंमत इथेच वसूल होते. सँडर्सच्या धावेत वेग होताच, पण त्याहून मोठी गोष्ट होती ती थांबण्याची. पूर्ण वेगात असताना तो एका पावलावर थबकतो, दोन्ही पाय एकाच वेळी बाजूला उचलून टाकतो आणि समोरचा पकड करणारा ज्या जागेवर झेपावला आहे ती जागा तोवर रिकामी झालेली असते. कमी उंचीमुळे त्याचा गुरुत्वमध्य खाली होता, मांड्या विलक्षण बळकट होत्या, आणि सुमारे ९२ किलोचे शरीर तो अशा कोनात झुकवायचा की पडणारच असे वाटावे. शिक्षकांनी चित्र अगदी सावकाश चालवून दाखवले, तेव्हा लक्षात आले की हुलकावणी खांद्यांपासून सुरू होते, कंबर शेवटच्या क्षणीच खरी दिशा दाखवते आणि नजर पहिल्या प्रतिस्पर्ध्यावर नसून त्याच्या मागच्यावर असते. मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो की समोरच्याच्या कमरेकडे पाहा, कारण खांदे फसवतात. ते इथे इतक्या स्वच्छपणे दिसले की पुढच्या सरावात मी पुस्तिकेतील आराखडेच मुलांसमोर ठेवले.

तिसऱ्या सत्राची निवड धाडसाची आहे. बॅरी सँडर्सवर कोणीही वर्ग घेतला तर तो १९९७ चा हंगाम दाखवेल, कारण तो दाखवायला सोपा आहे. इथे त्याआधी पाऊण तास दाखवला जातो तो ३१ डिसेंबर १९९४ चा ग्रीन बे येथील प्लेऑफ सामना. त्या हंगामात सँडर्सने १,८८३ यार्ड काढले होते आणि लीगमध्ये तोच अव्वल होता. त्या दिवशी ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध त्याने तेरा वेळा चेंडू घेतला आणि त्याची एकूण बेरीज झाली उणे एक यार्ड. लायन्स १६–१२ असे हरले. एकामागून एक त्या धावा पाहणे अवघड जाते. चेंडू हातात येतो त्याच क्षणी समोरची रांग फुटलेली असते, तो डावीकडे वळतो, तिथेही दोघे उभे असतात, तो मागे येऊन पुन्हा उजवीकडे प्रयत्न करतो आणि होते त्यापेक्षाही मागे पकडला जातो. तीन यार्ड मिळत असतील तर ते घेऊन खाली बसावे असा बहुतेक रनिंग बॅकचा हिशेब असतो. सँडर्स तसे करत नसे, आणि म्हणून त्याच्या कारकिर्दीत लांबच लांब धावांबरोबरच उणे यार्डांच्या धावाही भरपूर आहेत. दोन्हींचा उगम एकच होता. ही गोष्ट आकडे वाचून कळली नसती. तो सामना बघावाच लागतो.

१९९७ चा हंगाम त्यानंतर येतो आणि तो आता वेगळाच दिसतो. पहिल्या दोन सामन्यांत मिळून फक्त ५३ यार्ड, आणि पुढच्या चौदा सामन्यांत, प्रत्येक सामन्यात शंभराहून अधिक काढत, बरोबर २,०००. एका हंगामात दोन हजार यार्डांपलीकडे जाणारा तो ओ. जे. सिम्प्सन आणि एरिक डिकरसन यांच्यानंतरचा तिसराच खेळाडू. टँपामधील सामन्यात त्याने ८० आणि ८२ यार्डांच्या दोन धावा काढल्या, त्या आमच्या वर्गाने उभे राहून पाहिल्या. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याला ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्हसोबत विभागून मिळाला.

माझी तक्रार चौथ्या सत्राविषयी आहे. २७ जुलै १९९९ रोजी, सराव शिबिर सुरू होण्याच्या तोंडावर, सँडर्सने आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली. वय ३१, दुखापत नाही, दहा हंगामांत १५,२६९ यार्ड आणि रनिंग बॅक वॉल्टर पेटनचा कारकिर्दीतील १६,७२६ यार्डांचा विक्रम केवळ १,४५७ यार्डांवर, म्हणजे त्याच्या नेहमीच्या एका हंगामाच्या अंतरावर. वर्गात हा प्रसंग निःस्पृहतेचे उदाहरण म्हणून मांडला गेला, आणि पहिल्या हंगामातील त्या दहा यार्डांशी त्याचे नाते जोडले गेले. ते नाते खरे आहे, पण अपुरे आहे. सँडर्सने नंतर स्वतःच सांगितले की संघ जिंकण्यासाठी खरोखर प्रयत्न करतो आहे हा त्याचा विश्वास उडाला होता. त्याच्या दहा वर्षांत लायन्सने प्लेऑफमध्ये एकच सामना जिंकला, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्ध ३८–६ असा. त्यानंतरचा प्लेऑफमधला विजय मिळायला जानेवारी २०२४ उजाडावा लागला.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्यापुढे उभी राहणारी त्याच्याच संघातली माणसे. रनिंग बॅकची कारकीर्द एकट्याची नसते, ती त्याच्यापुढे वाट मोकळी करणाऱ्या पाच जणांच्या रांगेचीही असते, जशी चढाईपटूची गुणसंख्या मागच्या साखळीने केलेल्या पकडींवर उभी असते. नोव्हेंबर १९९१ मध्ये त्या रांगेतला गार्ड माइक अटली सामन्यात मानेला दुखापत होऊन पक्षाघाताने कायमचा जायबंदी झाला. सात महिन्यांनी दुसरा गार्ड एरिक अँडोल्सेक घराच्या आवारात काम करत असताना ट्रकने उडवल्यामुळे मृत्युमुखी पडला. पुढे लोमस ब्राउन दुसऱ्या संघात गेला, आणि १९९७ च्या त्या अद्भुत हंगामानंतर सेंटर केव्हिन ग्लोव्हर, जो सँडर्सचा जवळचा मित्र होता, त्यालाही संघाने ठेवले नाही. दोन हजार यार्ड पूर्ण झाले त्याच सामन्यात, २१ डिसेंबर १९९७ रोजी, बचाव फळीतील रेजी ब्राउनच्या मणक्याला गंभीर दुखापत झाली आणि मैदानावरच त्याला श्वास द्यावा लागला. यांपैकी एकाही नावाचा वर्गात उल्लेख झाला नाही. मी चर्चेत हा मुद्दा काढला तेव्हा शिक्षकांनी तो मोकळेपणाने ऐकला, परंतु वेळ संपत आली होती.

पैशाचा भागही टाळला गेला. १९९७ मध्ये झालेल्या सहा वर्षांच्या करारावर सही करताना सँडर्सला १ कोटी १० लाख डॉलर मिळाले होते. निवृत्तीनंतर त्यातला निम्मा भाग परत मिळावा असा संघाने दावा केला आणि २००० मध्ये लवादाचा निर्णय संघाच्या बाजूने लागला. कारकीर्द शिकवायची तर हेही शिकवले पाहिजे. आपल्याकडे प्रो कबड्डीचे करार हातात येऊ लागलेली मुले आहेत, त्यांच्या पालकांना करारात काय लिहिलेले असते याचा अंदाज अशाच उदाहरणांतून येईल. ज्या नाशिक जिल्ह्याने सावरपाड्याची धावपटू कविता राऊत आणि तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ देशाला दिले, तिथल्या प्रशिक्षकांनी खेळाडूच्या पायांइतकेच त्याच्या कागदांकडे लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

सोयींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पडदा मोठा आणि चित्र स्वच्छ आहे, आवाज मागच्या रांगेत कमी पोहोचतो, खुर्च्या दोन तासांसाठी ठीक आहेत. दुचाकी आवारात लावता येते, चारचाकीला जागा शोधावी लागते. सकाळी आठची वेळ थंडीत बाहेरगावाहून येणाऱ्यांना जड जाते. सिन्नरहून येणारे एक शिक्षक दर वेळी पहिली दहा मिनिटे चुकवत होते आणि नेमकी तीच मिनिटे मागील सत्राच्या उजळणीची असतात. जुन्या चित्रफितींवरील इंग्रजी समालोचन बंद ठेवून शिक्षक स्वतः मराठीतून बोलतात, त्यामुळे खेड्यातून आलेली मुलेही बिचकत नाहीत.

बारा वर्षांपुढील मुलांना पालकांसोबत प्रवेश आहे. त्याहून लहान मुलांना तिसरे सत्र कंटाळवाणे होईल. नावनोंदणी प्रत्यक्ष जाऊनच करावी लागते आणि जागा तीस आहेत. पुढील वर्ग वॉल्टर पेटनवर आहे. त्यात एक सत्र त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या रांगेसाठी राखून ठेवावे अशी लेखी सूचना मी अभ्यासिकेच्या वहीत केली आहे, आणि जे कोणी नाव नोंदवायला जातील त्यांनीही तीच मागणी करावी.