स्टीम डेकवर गेम सोडून काय काय चालतं: माझ्या रोजच्या वापरातली सॉफ्टवेअरं

स्टीम डेक, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र, घेतलेल्या लोकांना त्यात डेस्कटॉप मोड, म्हणजे साध्या कॉम्प्युटरसारखा वापरायचा भाग, आहे हे माहीत असतं, पण एकदा तिथे जाऊन ब्राउझर उघडून बघायचा आणि परत गेमकडे वळायचं, यापुढे फारसं कोणी जात नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण तुमच्या हातात अख्खा लिनक्स कॉम्प्युटर आहे, चार कोअरचा एएमडी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आर्च लिनक्सवर बांधलेलं स्टीमओएस आणि वर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप, म्हणजे ऑफिसात बऱ्याच जणांना मिळतो त्या लॅपटॉपपेक्षा हे यंत्र तगडं आहे. माझ्याकडे २०२२ मधे आला तो एलसीडीवाला डेक आहे, ७ इंची स्क्रीन, १२८० बाय ८००. त्यावर मी आता गेमपेक्षा वाचन, अभ्यास आणि जुन्या मराठी पुस्तकांचं काम जास्त करतो, आणि त्यासाठी कुठली सॉफ्टवेअरं खरंच उपयोगाची आहेत आणि कुठली नुसती टाकून ठेवण्यापुरती, ते सांगतो.

माझी कसोटी एकच आहे. सॉफ्टवेअर अंगठ्यांवर चालतं का? म्हणजे टेबल, माऊस, कीबोर्ड काही नसताना, सोफ्यावर किंवा एसटीत बसून, डेकच्या बटणांवर आणि ट्रॅकपॅडवर काम होतं का. नावाजलेली सॉफ्टवेअरं इथे आपटतात आणि ज्यांचं नावही ऐकलेलं नसतं ती बाजी मारतात.

आधी दोन गोष्टी सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. एक, स्टीमओएसची मूळ सिस्टीम रीड-ओन्ली असते, म्हणजे तिच्यात बदल करायला लॉक असतं. नेटवर बरेच जण सांगतात की ते लॉक काढा आणि पॅकमॅन या आर्चच्या इन्स्टॉलरने हवं ते टाका, तसं करता येतं पण पुढचा सिस्टीम अपडेट आला की ते सगळं पुसलं जातं, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका. डिस्कव्हर नावाचं स्टोअर आधीपासून आहे, त्यातून फ्लॅटहब या साठ्यावरची फ्लॅटपॅक ॲप्स, म्हणजे मूळ सिस्टीमला हात न लावता सुटी बसणारी ॲप्स, घ्या, ती होम फोल्डरच्या बाजूला बसतात आणि अपडेटनंतरही जशीच्या तशी राहतात. दोन, कुठलंही ॲप मेन्यूत राइट क्लिक करून ॲड टू स्टीम करता येतं. हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण एकदा ते स्टीमच्या यादीत गेलं की गेमिंग मोडमधून चालू करता येतं आणि त्याला स्वतःचा बटणांचा लेआउट देता येतो, मागची चार बटणंसुद्धा कामाला लावता येतात, आणि मधेच पॉवर बटण दाबलं की झोपतं, परत दाबलं की त्याच पानावर उठतं.

आता मुद्द्यावर. पहिला नंबर नि:संशय केओरीडरचा. हे मूळचं किंडल, कोबो असल्या ई-इंक यंत्रांसाठी केलेलं पुस्तक वाचायचं सॉफ्टवेअर, त्यामुळे त्यात बारीक बारीक मेन्यू नाहीतच, सगळं मोठ्या ठोकळ्यांत आणि टचवर चालणारं. ईपब, पीडीएफ, डीजेव्हीयू, कॉमिकच्या सीबीझेड फाइली, सगळं उघडतं. मी मागच्या उजव्या बटणाला पेज डाऊन आणि डाव्या बटणाला पेज अप दिलंय, बस, बोटं जिथे नैसर्गिकपणे टेकलेली असतात तिथेच पान उलटतं. ईपबला दोन कॉलमचा पर्याय आहे तो आडव्या स्क्रीनवर अगदी फिट बसतो, समोर उघडं पुस्तक धरल्यासारखी दोन पानं दिसतात. फॉन्टही आपला टाकता येतो, मी आयआयटी मुंबईने केलेला शोभिका वापरतो, जोडाक्षरं सुंदर दिसतात आणि तो फुकट आहे.

पण मी केओरीडरवर खरा फिदा झालो तो स्कॅन केलेल्या पीडीएफमुळे. जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर ढिगाने आहेत, पण ती सगळी चित्रं, टेक्स्ट नाही, आणि वर चारी बाजूंनी हा एवढा मोठा पिवळा समास, ७ इंची स्क्रीनवर अक्षरं मुंगीएवढी होतात. केओरीडरमधे खालच्या पट्टीत ऑटो क्रॉप आहे, तो समास कापून मजकूर स्क्रीनभर करतो. आणि त्याहून पुढचं म्हणजे रीफ्लो. त्यात के२पीडीएफऑप्ट नावाचं इंजिन आहे, ते पानाच्या चित्रातले शब्द मधल्या मोकळ्या जागेवरून सुटे करतं आणि मोठे करून नव्याने ओळीत मांडतं. त्याला भाषा कळावी लागत नाही, ते चित्राचेच तुकडे हलवतं, म्हणून देवनागरीला काही अडचण येत नाही, उलट शिरोरेषेमुळे एक शब्द अखंड राहतो आणि दोन शब्दांमधली फट स्वच्छ सापडते. प्रत्येक पानाला थोडा वेळ लागतो, पानावर चित्र किंवा तक्ता असेल तर गडबड होते, तेवढ्यापुरतं रीफ्लो बंद करायचं. आणि शब्दावर बोट दाबून ठेवलं की अर्थ दिसतो, ईपबमधे, त्यासाठी स्टारडिक्ट फॉरमॅटमधले कोश टाकावे लागतात. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश त्या फॉरमॅटमधे मिळतो, तो टाकाच, एकोणिसाव्या शतकातलं गद्य वाचताना पदोपदी लागतो.

एक अडचण इथे येतेच म्हणून सांगतो. पुस्तकं मायक्रोएसडी कार्डवर ठेवली असतील तर बऱ्याच फ्लॅटपॅक ॲप्सना ते कार्ड दिसतच नाही, कारण फ्लॅटपॅक ॲपला फक्त परवानगी दिलेले फोल्डर दिसतात. डिस्कव्हरमधून या परवानग्या बदलायचं फ्लॅटसील घ्या, डावीकडे ॲप निवडा, फाइलसिस्टीमच्या भागात कार्डाचा पत्ता लिहा, संपलं. पुढे प्रत्येक ॲपला हे लागणार आहे.

दुसरं अंकी. पाठांतराचे कार्ड, जे आठवलं ते उशिरा परत येतं, जे विसरलं ते लगेच परत येतं. हे फक्त पाच-सहा कीवर चालतं, स्पेस दाबली की उत्तर, मग १ ते ४ मधला एक आकडा, म्हणजे बटणांवर बसवायला यासारखं दुसरं काही नाही. ए बटणाला स्पेस, डी-पॅडच्या चार दिशांना चार आकडे, आणि मागच्या एका बटणाला अनडू. माझा भाचा एमपीएससी करतो, त्याने राज्यघटनेच्या कलमांचे कार्ड केलेत, पुढे 'महाराष्ट्र आणि गुजरातसाठी विशेष तरतूद, विकास मंडळं' आणि मागे '३७१(२)', असे. तो घरी आला की माझा डेक त्याच्या हातात असतो. अभ्यासिकेत तो हेच कार्ड अँड्रॉइडच्या अंकीड्रॉइडवर करतो, दोन्हीकडचं अंकीवेबवरून जुळतं, पैसे काही पडत नाहीत. फोनवर अभ्यास करताना मेसेज येत राहतात आणि डोकं तिकडे जातं, डेकवर अंकी फुल स्क्रीन असतं आणि दुसरं काही येत नाही, हा फरक त्यानेच मला सांगितला.

आता मराठी टायपिंग, आणि इथे डेक कमी पडतो. स्टीम आणि एक्स दाबलं की जो स्क्रीनवरचा कीबोर्ड येतो त्यात मला मराठी सापडली नाही. ब्लूटूथ कीबोर्ड जोडला तर मात्र काही टाकावंच लागत नाही, केडीईच्या सेटिंगमधे कीबोर्ड लेआउटमधे जा, भारताखाली मराठी इनस्क्रिप्ट आहे आणि मराठी कागप फोनेटिकसुद्धा आहे, दोन्ही आधीपासून सिस्टीममधेच. सरकारी कामात इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना पहिला लगेच जमेल, बाकीच्यांना कागप सोपा पडतो. कीबोर्ड जवळ नसेल तेव्हा मी केडीई कनेक्ट वापरतो. फोनवर आणि डेकवर दोन्हीकडे असलं आणि दोघं एकाच वायफायवर असले की फोनवर मराठीत टाइप करायचं किंवा बोलून लिहायचं, कॉपी करायचं, सेंड क्लिपबोर्ड, आणि डेकवर पेस्ट. लांबलचक लेखनाला हे कटकटीचं आहे, पण चार ओळी, फाइलचं नाव, शोधायचा शब्द, एवढ्याला झकास.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते, डिस्ट्रोबॉक्स. स्टीमओएस ३.५ पासून हे सिस्टीममधेच येतं. याने होम फोल्डरमधे एक वेगळं लिनक्स बसवता येतं, मी डेबियन बसवलंय, आणि त्यात आपल्याला पाहिजे ते ॲप्ट या डेबियनच्या इन्स्टॉलरने टाकता येतं, मूळ सिस्टीमला धक्का लागत नाही आणि अपडेट आला तरी जात नाही. मी त्यात टेसरॅक्ट, त्याचा मराठीचा पॅक आणि ओसीआरएमायपीडीएफ टाकलंय. टेसरॅक्ट म्हणजे छापील पानाच्या फोटोतून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, १९८० च्या दशकात एचपीमधे सुरू झालेलं आणि २००५ पासून सगळ्यांना खुलं, मराठी त्याला व्यवस्थित येतं. आमच्या गावच्या वाचनालयाची एक जुनी स्मरणिका आहे, खिळ्यांवर छापलेली, तिची पानं मी फोनने काढली, दोन यंत्रांतल्या फाइली जुळवणाऱ्या सिंकथिंगने ती आपोआप डेकवर आली, आणि ओसीआरएमायपीडीएफने त्याची अशी पीडीएफ केली की वर मूळ पान दिसतं आणि खाली लपलेला मजकूर असतो, म्हणजे त्यात माणसाचं नाव टाकून शोधता येतं. पाचशे पानी पुस्तक असलं तरी डेक चार्जरला लावायचा आणि काम लावून झोपायचं. पंख्याचा आवाज येतो, पण सकाळी फाइल तयार.

चुका कुठे होतात तेही सांगतो. घ चा ध होतो, भ चा म होतो, ष आणि प मधे गोंधळ, म्हणजे 'घर' चं 'धर' आणि 'भात' चं 'मात'. खिळ्याची शाई पसरलेली असेल तर जोडाक्षरं तुटतात, रफार तर हमखास उडतो. फोटो सरळ, पानाच्या कडेपर्यंत कापलेला आणि ३०० डीपीआयच्या आसपास असेल तर निकाल खूपच सुधारतो, वाकडा आणि सावली पडलेला फोटो असेल तर वेळ घालवू नका, परत काढा. शोधण्यापुरतं हे भरपूर आहे, पण मजकूर छापायचा असेल तर माणसाने एकदा पान-पान वाचायलाच हवं, आणि ते दुरुस्तीचं काम मी डेकच्या स्क्रीनवर करत नाही. यूएसबी-सी हब लावला, त्याला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला की लिब्रेऑफिस एकदम नेहमीच्या कॉम्प्युटरसारखं चालतं, तिथे करतो.

तेच लिब्रेऑफिस हातात धरून मात्र नको. वरचे टूलबार अर्धी स्क्रीन खातात आणि स्क्रीन कीबोर्ड उघडला की उरलेली अर्धी जाते. फोटो सुधारायच्या गिंपचंही तसंच, बारीक आयकॉन आणि तीन-तीन पॅनेल. क्रिटा उघडतं छान, पण डेकच्या टचला पेनाचा दाब कळत नाही, मग चित्रकाराने तिथे काय करायचं. ओक्युलर बरं आहे, पीडीएफवर खुणा करायच्या असतील तर. स्टेलॅरियम गच्चीवर नेऊन मुलांना आकाश दाखवायला मस्त, ट्रॅकपॅडने आकाश फिरवता येतं, वेळ पुढे-मागे करायच्या कीज बटणांवर बसवा. कीपासएक्ससी पासवर्डसाठी, त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही, चालतं.

बॅटरीची काळजी या कामांना नाही. ४० वॅटअवरची बॅटरी जड गेमला दोन तासांतच संपू शकते, पण केओरीडरला प्रोसेसरचं काही कामच नसतं. गेमिंग मोडमधे तीन ठिपक्यांचं बटण दाबा, रीफ्रेश रेट ४० वर आणा, टीडीपीची, म्हणजे प्रोसेसरने किती वीज खायची त्याची, मर्यादा खाली ओढा आणि ब्राइटनेस कमी करा, संध्याकाळभर वाचन होतं. वजनाची मात्र आहे. ६६९ ग्रॅम, झोपून वाचताना मनगट बोलायला लागतं, मी मांडीवर उशी घेऊन त्यावर टेकवतो. २०२३ चा ओएलईडी डेक ६४० ग्रॅमचा आहे, त्याने फार काही बदलत नाही, पण स्क्रीन ७.४ इंची आणि बॅटरी ५० वॅटअवरची, रात्री काळ्या पानावर वाचणाऱ्याने तोच बघावा.

घ्यायचा असेल तर: व्हॉल्व्ह भारतात हा अधिकृतपणे विकत नाही, म्हणून वॉरंटीच्या आशेवर घेऊ नका, कोणी परदेशातून येत असेल तर आणवा नाहीतर सेकंडहँड बघा. सेकंडहँडमधे ६४ जीबीचा स्वस्त दिसेल, तो या कामाला अपुरा पडतो, कारण फ्लॅटपॅकचे रनटाइम (ॲप्सना लागणाऱ्या सामाईक फाइली) आणि डिस्ट्रोबॉक्समधलं डेबियन दोन्ही आतल्याच स्टोरेजवर बसतात, एसडी कार्डवर फक्त पुस्तकं जातात. निदान २५६ चा घ्या. आणि आल्यावर सगळ्यात आधी टर्मिनल उघडून पासवर्ड सेट करा, कारखान्यातून येताना डेकला तो नसतोच, आणि तो नसेल तर सुडो, म्हणजे सिस्टीमच्या मालकाचे अधिकार, लागेल तिथे काम अडतं.