उंची बदलणारं वर्कबेंच: नऊ महिन्यांनंतर

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटात मी कंट्रोल पॅनलचं वायरिंग करते. दिवाळीनंतर आमच्या लाइनवर हँडलने वरखाली होणारी चार बेंच, पायाखाली रबरी मॅट आणि स्क्रूड्रायव्हर टांगायला स्प्रिंग बॅलन्सर, म्हणजे स्प्रिंगच्या ताणावर हत्याराचं वजन वरून तोलून धरणारी साधनं, आली.

जुनं टेबल १०० सेंटिमीटरचं होतं. माझी उंची चार फूट अकरा इंच, उभी राहिले की कोपर ९४ वर. वर पॅनलची प्लेट ठेवली की हात चालायचे थेट १०८ वर. खांदे दिवसभर उचललेले, रात्री कूस बदलताना कळ यायची. हलक्या जोडणीसाठी हात कोपराच्या पाच-दहा सेंटिमीटर खाली चालायला हवेत. म्हणून टेबल मोजून भागत नाही, हात जिथे चालतात ती जागा मोजायची. आता माझं बेंच ७९ वर असतं, म्हणजे हात ८७ वर चालतात. खांदेदुखी दोन महिन्यांत थांबली.

पण पहिला महिना फुकट गेला. शिफ्ट बदलली की हँडल कोणी फिरवायचंच नाही, कारण त्यात दोन मिनिटं जातात. शेवटी आम्ही बेंचच्या पायावर प्रत्येकीच्या उंचीला तिच्या रंगाची रेघ मारली. आता आल्या आल्या आपापली रेघ गाठतात.

खरा आराम मनगटाला मिळाला तो बॅलन्सरमुळे. स्प्रिंगचा ताण हत्याराच्या वजनाएवढाच लावा; जास्त झाला तर तो हातच वर ओढतो. आणि वरची सेफ्टी चेन लावल्याशिवाय त्याखाली उभं राहू नका, हे मी नव्या मुलींना रोज सांगते.

मॅटबद्दल तक्रार आहे. टाचा दुखायच्या थांबल्या, पण मे महिन्यातल्या उन्हाने पत्रे तापले तशा तिच्या कडा वळल्या. एक ताई अडखळून पडता पडता वाचली. उतरत्या कडेचीच मॅट घ्या.

स्टूल मात्र मागून घ्यावं लागलं. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच, कलम ४४ मध्ये लिहिलं होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). ते साहेबांना दाखवलं आणि आठवड्यात स्टुलं आली.

स्क्रूच्या डब्यांची मागची रांग अजून लांब पडते, घेताना कमरेतून वाकावं लागतं. येत्या रविवारी लाइन बंद असताना ती पट्टी वीतभर पुढे घेतोय.