मॅकडरमॉटचा जुना क्यू आणि नवा क्यू, फरक पडलाय का?

माझ्याकडे मॅकडरमॉट कंपनीचे दोन क्यू (पूल खेळायच्या काठ्या) आहेत, एक ऐंशीच्या दशकातला सेकंडहँड घेतलेला आणि एक दोन वर्षांपूर्वी नवा घेतला, त्यामुळे "आता पूर्वीसारखी क्वालिटी राहिली नाही" असं कोणी म्हटलं की मी दोन्ही हातात देतो आणि म्हणतो खेळून बघ. कंपनी १९७५ पासूनची, अमेरिकेत विस्कॉन्सिनची. जुन्याचा शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, साधा मेपलचा, सलग लाकूड, बॉलला मारलं की तो मऊ ठोका थेट तळहातात येतो, आणि इतक्या वर्षांनीही टेबलावर लोळवला तर सरळ जातो, कुठे थरथर नाही! नव्याला जी-कोर शाफ्ट आहे, म्हणजे पुढच्या टोकात कार्बन फायबरचा गाभा, त्याने साइड स्पिन देताना, म्हणजे बॉलला बाजूला मारून फिरवताना, क्यू बॉल (आपण मारतो तो पांढरा बॉल) सरळ रेषेतून कमी सरकतो आणि निशाणा कमी बदलावा लागतो. सुरुवातीला मला जड गेलं कारण हाताला जुनी सवय, पण महिनाभरात लांबचे शॉट जास्त पडायला लागले.

फिनिशिंग म्हणाल तर नव्याचं जास्त सफाईदार, जॉइंट, म्हणजे क्यूचे दोन भाग जोडतात ती जागा, इतका घट्ट बसतो की बोटाला फट लागत नाही. वॉरंटी आजही लाइफटाइम, त्यात क्यू वाकला तरी कव्हर आहे, लाकडाच्या वस्तूवर असं कोण देतं हो? माझ्या मते क्वालिटी घसरलेली नाही, फील बदललाय. तो मऊ ठोका हवा असेल तर जुनाच शोधा, पण घेण्याआधी लोळवून बघाच.