नेक्सॉन ईव्हीचे बदललेले टायर: सोलापूरच्या उन्हात आणि पावसात आठ महिने

गाडी नेक्सॉन ईव्ही मॅक्स, टायरचा आकार कंपनीकडून आलेलाच, २१५/६० आर१६ (रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंच). फेब्रुवारीत चारही टायर एकदम बदलले. सप्टेंबर संपेपर्यंत १४,००० किमी झाले. त्यातले निम्म्याहून जास्त पुणे-हैदराबाद महामार्गावर, उरलेले शहरात, तुळजापूर-अक्कलकोटच्या फेऱ्यांत आणि थोडे दक्षिण सोलापुरातल्या कच्च्या रस्त्यांवर. टायर देशी कंपनीचे, कमी रोलिंग रेझिस्टन्सचे (म्हणजे फिरताना कमी ऊर्जा खाणारे), टूरिंग (लांबच्या, आरामशीर प्रवासाच्या) प्रकारातले, आणि जाहिरातीत अर्थातच 'ऑल सीझन'. ब्रँड मुद्दाम लिहिलेला नाही. एकाच कंपनीत एकाच आकाराचे दोन-तीन पॅटर्न मिळतात आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा असतो. त्यामुळे नाव पाठ करण्यापेक्षा साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, काय छापलंय ते वाचता आलेलं बरं.

आधी 'ऑल सीझन' हा शब्द सोडवून घेऊ. थंड देशांत पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड जाते. तिथे थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचा, वर्षभर चालणारा टायर म्हणजे ऑल सीझन. साइडवॉलवरचं 'एम+एस' (मड + स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) हे चिन्ह कंपनी स्वतःच छापू शकते. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह मात्र बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळतं. सोलापुरात पारा दहाच्या खाली गेला तर पेपरात बातमी येते. मग आपण मोजायचे ते ऋतू कोणते? मार्च ते मे, चाळीसच्या वरचं ऊन. जूनचा पहिला, धुळीचा आणि तेलाचा थर ओला करणारा पाऊस. सप्टेंबरच्या जोरदार सरी. आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारा ऊसवाहतुकीचा हंगाम, जो कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो. खोल खाचांचे, मोठ्या गुटक्यांचे एम+एस पॅटर्न जीपसारखे रुबाबदार दिसतात, पण तापलेल्या डांबरावर ते गुटके हलतात, आवाज करतात, लवकर झिजतात आणि रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, खातात. गाडी रोज शेतात घालायची नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

इलेक्ट्रिक गाडीला टायर वेगळा का लागतो, याची दोन कारणं आहेत. बॅटरीमुळे गाडी पेट्रोल नेक्सॉनपेक्षा दीड-दोनशे किलो जड. शिवाय २५० न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) पहिल्या क्षणापासून हजर, आणि तोही फक्त पुढच्या दोन चाकांवर. पाय उचलला की रीजनची, म्हणजे गाडी हळू करत बॅटरी भरणाऱ्या ब्रेकिंगची, ओढही त्याच दोन चाकांवर येते. म्हणजे पुढचा टायर जातानाही घासतो आणि थांबतानाही. आसरा चौकात सिग्नल सुटल्यावर रोज पॅडल दाबून पळवणाऱ्याचे पुढचे टायर मागच्यांच्या आधी टकले होणार, ब्रँड कुठलाही असो.

दुकानात सगळ्यांत जास्त गल्लत होते ती लोड इंडेक्सवर, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो हे सांगणाऱ्या आकड्यावर. पेट्रोल नेक्सॉनच्या वरच्या मॉडेलांनाही हाच आकार असल्याने दुकानदार 'नेक्सॉनचा टायर' म्हणून हाताला येईल तो काढतो. आकारानंतर छापलेला आकडा बघा: ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५ किलो, ९२ म्हणजे ६३०. जुन्या टायरवर आणि पुस्तिकेत जो आहे त्याच्या खाली उतरायचं नाही. ९९ चा एक्स्ट्रा लोड (जास्त वजन पेलणारा) टायर घ्यायलाच हवा असं मात्र नाही. ९५ चे चार टायर मिळून २,७६० किलो पेलतात आणि भरलेली गाडी तेवढी होत नाही. एक्स्ट्रा लोडचा फायदा दुसरीकडे आहे. साइडवॉल दणकट असल्याने खड्ड्याच्या कडेवर आपटल्यावर फुगा येण्याची शक्यता कमी. बदल्यात छोट्या धक्क्यांना गाडी कडक लागते. या सेटमध्ये ९५ एच आहेत. आठ महिन्यांत एकही फुगा नाही, पण त्याचं श्रेय अर्धं नशिबाला द्यावं लागेल.

'एच' म्हणजे २१० किमी वेगाची मर्यादा. तेवढ्या वेगाने कोण जाणार, म्हणून त्याखालचा 'टी' घेऊन पैसे वाचवू असं वाटतं. पण वेगाची चाचणी ही खरं तर उष्णतेची चाचणी असते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मोहोळकडे निघालेल्या गाडीच्या टायरला ती मर्यादा कामाला येते. साइडवॉलवर 'टेंपरेचर' ही श्रेणी छापलेली असेल तर 'ए'च घ्या. बी आणि सी वाईट नसतात, पण ते आपल्या उन्हासाठी नाहीत.

आता रेंज, कारण प्रश्न सगळ्यांचा तोच. तुलना एकाच पट्ट्यावर केली: सकाळी लवकर, एसी बंद, ताशी ८० ला क्रूझ (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) लावून सोलापूर ते मोहोळ आणि परत. जाऊन-येऊन यासाठी की चढ आणि वारा दोन्ही बाजूंनी फिटतात. जुने झिजलेले टायर: १३२ वॅट-तास प्रति किमी. नवे बसवल्यावर पहिल्या आठवड्यात १४०. दोन हजार किमीनंतर १३५, आणि तिथेच स्थिर. नव्या टायरने रेंज घटली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, नव्या टायरचं जाड रबर जास्त वाकतं आणि वाकण्यात ऊर्जा जाते; तेच मॉडेल झिजेल तसं हलकं चालतं. दुसरी गंमत अधिक मजेशीर आहे. झिजलेल्या टायरची खाच २.२ मिमी होती, नव्याची ७.५. म्हणजे ६६४ मिमीच्या चाकाचा व्यास साडेदहा मिमीने वाढला, सुमारे १.६ टक्के. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटर फेऱ्याच मोजतो. रस्ता तोच असून किलोमीटर कमी दिसतात आणि प्रति किमी खर्च वाढलेला दिसतो. आठ वॅट-तासांतले दोन तर निव्वळ हिशेबातले.

याच कारणाने आकार वाढवण्याच्या फंदात पडू नका. २१५/६५ घातला की व्यास ३.२ टक्के वाढतो, स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो आणि वजन वाढतं ते निराळंच.

टायरवर ऊर्जा दक्षता ब्युरोचं तारांकित लेबल दिसलं तर चांगलंच, पण ते तारे रोलिंग रेझिस्टन्सचे आहेत. ओल्या रस्त्यावरची पकड त्यावरून ठरवू नये. चांगल्या टायरच्या रबरात मिसळलेल्या कार्बनची काही जागा सिलिका घेते, त्यामुळे कमी ऊर्जा खाऊनही ओली पकड टिकते. स्वस्तात तोच आकडा गाठायचा सोपा मार्ग म्हणजे खाचच उथळ ठेवणं. म्हणून दुकानात खोली मोजायची पट्टी घेऊन जा. साडेसहा मिमीचा नवा टायर आणि आठ मिमीचा नवा टायर एकाच भावात मिळत असेल तर दुसऱ्यात आयुष्य जास्त.

ओल्या रस्त्यावर या टायरने निराश केलं नाही, खुशही केलं नाही. सप्टेंबरच्या सरींत महामार्गावर ८० पर्यंत पाणी कापतो, त्यापुढे स्टीअरिंग हलकं होऊ लागतं. खरी कसोटी जूनच्या पहिल्या पावसात लागली. तेव्हा शहरातला कुठलाही चौक साबण लावल्यासारखा असतो. पुढच्या चाकांवर पूर्ण रीजन ठेवून वळणावर पाय उचलला की गाडीचं नाक बाहेर सरकतं. रीजनची पातळी शून्यावर किंवा एकवर आणली की हा त्रास जवळजवळ जातो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेल्या काळ्या चिखलावरही हाच उपाय. तुळजापूरच्या घाटात उतरताना, रस्ता कोरडा असेल तर, रीजन खुशाल वर ठेवा.

आवाज. इंजिन नसल्याने टायरचाच आवाज कानावर येतो. डांबरावर शांत, शहरातल्या सिमेंटच्या रस्त्यांवर घुमणारा. आतून फोम चिकटवलेले टायर हा घुमणारा आवाज कमी करतात, पण रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला तो फोम खरवडून पंक्चर काढावं लागतं आणि पुन्हा कोणी नीट चिकटवत नाही. वेड्या बाभळीच्या काट्यांच्या मुलखात फोमचा टायर न घेतलेलाच बरा. या सेटला दोन पंक्चर झाले, दोन्ही काट्याचे, दोन्ही मधल्या भागात. घाईत बाहेरून रबरी दोरी घालून घेतली तरी चालतं, पण नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छिद्रात बसणाऱ्या दांड्याचं ठिगळ) मारून घ्यावा. साइडवॉलमध्ये छिद्र असेल तर टायर गेला असं समजा. पॅच मारून देतो म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

बसवताना चार ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं. जॅक. गाडीच्या पोटाखाली बॅटरी आहे. घाईत मधोमध ट्रॉली जॅक लावणारे हात आजही भेटतात. जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या चार जागीच, रबरी पॅडसकट. व्हॉल्व्ह. साधा रबरी असेल तर नवाच टाकायला सांगा. हवेचा दाब सांगणाऱ्या सेन्सरचा असेल तर टायर उतरवताना मशीनचा दात सेन्सरपासून लांब धरायला सांगा. नट. इम्पॅक्ट गनने आवळून मोकळं होऊ देऊ नका, पुस्तिकेतल्या आकड्यावर टॉर्क पान्याने बसवून घ्या आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा. चौथं, तारीख. साइडवॉलवर 'डीओटी' या अक्षरांपुढे असलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ०५२५ म्हणजे २०२५ चा पाचवा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला घ्यावा. दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या थप्पीतला तर ताजा असला तरी नको. ऊन आणि ओझोन रबराला बारीक चिरा पाडतात, आणि ते काम टायर गाडीला लागायच्या आधीच सुरू झालेलं असतं.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. ८०-१०० च्या दरम्यान स्टीअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग चुकलंय, पुन्हा करून घ्या, फुकट करून देतात. गाडी सरळ जाते म्हणून अलाइनमेंट ठीक आहे असं नाही. टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडलाय. गतिरोधकांच्या गावात हे सहा महिन्यांनी एकदा बघावंच.

सगळ्यांत जास्त फरक पडला तो हवेचा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे. दुपारी ४२ अंशांत पंपावर ३३ पीएसआय भरून घेतले तर पहाटे २४ अंशांत तेच तीसच्या आसपास सापडतात, आणि आपण आठवडाभर कमी हवेवर फिरत राहतो. उलट, महामार्गावरून उतरल्यावर ३७-३८ दिसले म्हणून हवा काढणं ही त्याहून मोठी चूक. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि उन्हाळ्यातले बहुतेक टायर असेच फुटतात. घरी छोटा कंप्रेसर ठेवा आणि पंधरा दिवसांनी सकाळी गाडी हलवण्याआधी भरा. नायट्रोजनवर पैसे घालवू नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

झीज: ८,००० किमीला पुढचे मागे केले. आता पुढच्या जोडीत ६.३ मिमी, मागच्या जोडीत, म्हणजे जे आधी पुढे होते त्यांत, ५.९. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण पावसाळ्यात अडीचच्या खाली थांबू नये. या गतीने ४० ते ४५ हजार किमी निघतील असा हिशेब बसतो. पुढचे दोनच बदलायची वेळ आली तर नवे टायर मागे टाका. जास्त खाच मागे असली की ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट सुटत नाही. बहुतेक दुकानं नवे पुढे टाकतात, त्यांना आधीच सांगावं लागतं.

किमतीचं म्हणाल तर या आकारात ब्रँड आणि पॅटर्ननुसार ७,००० ते ११,००० रुपयांच्या आसपास एक टायर. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या भावपत्रकावर दर सांगितला तर बिलातला कराचा रकाना बघून घ्या. जुने टायर परत घेताना दुकानदार दोनशे-तीनशे वजा करतो. त्यातला एक, ज्याची खाच सगळ्यांत जास्त शिल्लक आहे, तो घरी आणून ठेवायला हरकत नाही. एखादा नवा टायर साइडवॉल फाटून गेला तर दुसरा येईपर्यंतचे चार दिवस तो निभावून नेतो.