एक मिलिमीटरची नळी आणि कोंबडीचा पंख : सराव-संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

न्यूरोसर्जरीच्या प्रशिक्षणात असल्याने मेंदूच्या बायपासच्या (धमनीला धमनी जोडण्याच्या) टाक्यांचा सराव घरी करता यावा, म्हणून मी हा संच घेतला. त्यात टेबलावर ठेवायचा मायक्रोस्कोप, दोन बारीक फोरसेप्स (चिमटे), सुई धरायचा नीडल होल्डर, कात्री आणि एक मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या नळ्या आहेत. १०-० या अतिसूक्ष्म मापाचा नायलॉनचा धागा वेगळा घ्यावा लागतो. तो केसाहूनही बारीक असून हिरव्या कापडावर पडला की सापडत नाही.

कानशिलावरची धमनी मेंदूच्या पृष्ठभागावरील मिडल सेरेब्रल धमनीच्या फांदीला जोडण्याची ही शस्त्रक्रिया न्यूरोसर्जन यासर्गिल यांनी १९६७ साली झ्युरिकमध्ये केली. त्याआधी ते अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये न्यूरोसर्जन डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांवर हात बसवून आले होते. आज मोयामोयासारख्या (यात मेंदूच्या धमन्या हळूहळू अरुंद होतात) मोजक्याच आजारांत ती लागत असल्याने ऑपरेशन थिएटरमध्ये संधी कमी मिळते आणि घरच्या सरावाची किंमत वाढते.

सिलिकॉनवर गाठ बसते, हाताची थरथर कमी होते, मनगट टेकवायची सवय लागते. पण नळीचे तोंड आपणहून उघडे राहते, तसे खऱ्या धमनीचे राहत नाही, म्हणून दोन महिन्यांनी मी कोंबडीच्या पंखातल्या धमनीकडे वळलो. (मला रोज फक्त पंखच कशाला लागतात, याचे चिकनवाल्याचे कुतूहल अजून शमलेले नाही.) तिथे आतला पातळ थर फोरसेप्सने जरा दाबला तरी फाटतो. तिरके कापून माशाच्या तोंडासारखे केलेले टोक दुसऱ्या धमनीवरील छेदाच्या दोन्ही कोपऱ्यांना आधी टाचायचे आणि मग दोन्ही बाजू शिवायच्या. यात सुई समोरच्या भिंतीतही शिरली तर जोड बाहेरून सुबक दिसतो, पण रंगीत पाणी सोडल्यावर पुढे सरकत नाही. माझे पहिले कित्येक जोड असेच गेले. आता प्रत्येक जोड शेवटी उभा चिरून आतून पाहतो.

सुरुवातीला एका जोडाला तासाहून अधिक वेळ लागे, आता अर्ध्या तासात होतो; प्रत्यक्षात तेवढा वेळ मेंदूची धमनी क्लिपांनी बंद असते, हे लक्षात घेता हाही जास्तच आहे.

तक्रारी दोन. मायक्रोस्कोपचा हात पाचव्या महिन्यापासून हळूहळू खाली सरकतो, त्यामुळे टाका घेतानाच फोकस जातो. आणि एका फोरसेप्सची टोके जुळेनाशी झाली. विक्रेत्याने ती बदलून दिली नाहीत. नवा संच घेणाऱ्याने मायक्रोस्कोप साधा घ्यावा आणि उरलेले पैसे फोरसेप्सवर घालावेत.